पुस्तक फाटलं तरी चालेल



"हल्लीची पोरं वाचतच नाहीत हो." शिक्षण परिषदेत हे वाक्य ऐकू येतं, पालक सभेत ऐकू येतं आणि खरं सांगायचं तर आपणही ते अनेकदा बोललेलो असतो. पुढचं वाक्यही ठरलेलं असतं : मोबाईलने वाट लावली. मोबाईलचा दोष आहेच, मी नाही म्हणत नाही. पण आमच्या नंदुरबार जिल्ह्यात असे पाडे आहेत की जिथे आजही धड रेंज येत नाही. तिथली मुलं तरी कुठे गोष्टीची पुस्तकं घेऊन बसलेली दिसतात?

मग अडतं कुठे? माझं उत्तर जरा टोचणारं आहे आणि सगळ्यात आधी ते मलाच टोचलेलं आहे. मूल आणि पुस्तक यांच्या मध्ये आपण मोठी माणसंच उभी असतो. कधी कपाटाला कुलूप लावून, कधी गोष्टीखाली प्रश्न लिहून, कधी "ते राहू दे, अभ्यासाचं वाच" असं म्हणून. वाचनाची आवड लावण्यासाठी काय काय करावं याच्या याद्या आपण भरपूर वाचल्या आहेत. मी आज लिहिणार आहे ते आपण काय करायचं थांबवलं पाहिजे याबद्दल.

पेटी पुसणारी मुलगी

माझं लहानपण शहादा तालुक्यातल्या एका खेड्यात गेलं. घरची बोली अहिराणी, आई-वडील दोघेही शेतमजूर. घरात छापील कागद म्हणजे रेशन कार्ड, भिंतीवरचं कॅलेंडर आणि किराणा दुकानातल्या पुडीचा कागद. शाळेत मात्र एक पत्र्याची पेटी होती. 1987 साली केंद्र सरकारने खडू-फळा योजना सुरू केली. तिच्यातून देशभरातल्या प्राथमिक शाळांना नकाशे, खेळणी आणि पुस्तकं मिळाली. आमची पेटीही त्यातलीच, असं गुरुजी सांगायचे.

ही पेटी वर्षातून एकदा उघडायची, तपासणीच्या आदल्या दिवशी. साहेब येणार म्हणून पुस्तकं बाहेर काढायची, पुसायची, टेबलावर मांडायची आणि साहेब गेले की परत पेटीत. तिसरीत असताना पुसायचं काम माझ्याकडे आलं. एका पुस्तकात उंदराची गोष्ट होती, मोठ्या अक्षरात, पानभर चित्रं. मी तेच पुस्तक पुसत बसले. "एक पुस्तक पुसायला एवढा वेळ लागतो का गं?" असं गुरुजींनी विचारल्यावर घाबरून ठेवून दिलं. गोष्ट अर्धी राहिली. उंदराचं पुढे काय झालं हे कळायला मला वर्षभर थांबावं लागलं, पुढच्या तपासणीपर्यंत.

आज सांगताना हसू येतं. पण ज्या मुलीला पुसायचं काम मिळालं तिला निदान अर्धी गोष्ट तरी मिळाली. वर्गातल्या बाकीच्यांना फक्त पेटीचा रंग माहीत होता. गुरुजी वाईट नव्हते बरं का. मन लावून शिकवायचे, पाढे घोटून घ्यायचे. पण पुस्तक हरवलं तर भरून द्यावं लागेल, ही भीती त्यांना होती.

आईला वाचता येत नव्हतं. पण मी पुडीचा कागद सरळ करून वाचत बसले की ती धाकट्या भावाला दटावायची, "ती वाची ऱ्हायनी, तिले बोलावू नको." वाचणाऱ्याला मध्येच उठवायचं नाही, हा तिचा नियम होता. शाळेने मला अक्षरं दिली, पण वाचणं हे मान देण्यासारखं काम आहे, ही समज मला एका निरक्षर बाईकडून मिळाली. पालकहो, "आम्हाला कुठे वाचता येतं?" असं तुम्ही म्हणता तेव्हा मला आई आठवते.

आणि मग मीच कुलूप लावलं

2019 साली मी तळोदा तालुक्यातल्या एका पाड्यावरच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षणसेवक म्हणून रुजू झाले. मानधन महिना 6000 रुपये. ग्रंथालयाचा चार्ज माझ्याकडे आला. नोंदवहीप्रमाणे दोनशेच्या वर पुस्तकं. मी मोजून घेतली, सही केली, कपाट बंद केलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. पेटी पुसणारी ती मुलगी मी पार विसरून गेले होते. डोक्यात एकच होतं : एक पुस्तक गेलं तर सहा हजारांतून भरायचं.

मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या. शेवटच्या दिवशी चौथीतला एक मुलगा म्हणाला, "मॅडम, ते वाघाचं पुस्तक घरी नेऊ का?" मी म्हटलं, "शाळा उघडली की देते." शाळा नियमित भरायला पुढे दीड वर्षाहून जास्त काळ गेला. तोवर तो चौथी पास होऊन गेलेला. मी कपाट उघडलं तेव्हा खालचे दोन कप्पे वाळवीने खाल्ले होते. वाघाचं पुस्तक त्यातच होतं. बोट लावलं तर पानांची माती झाली.

त्या पुस्तकांचं निर्लेखन झालं. पंचनामा, सह्या, संपलं. माझ्याकडून कुणी एक रुपयाही वसूल केला नाही. म्हणजे मुलाने वाचून फाडलं तर आपण घाबरतो आणि वाळवीने न वाचता खाल्लं तर कागद रंगवून मोकळे होतो. ही गोष्ट मला फार लागली. तो मुलगा आता मोठा झाला असेल. तो आज वाचतो की नाही, मला माहीत नाही. पण त्याने मागितलं तेव्हा मी दिलं नाही, एवढं मला माहीत आहे.

नियम काय म्हणतात?

आपण नियमांना घाबरतो म्हणून नियमच बघू. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावं आणि त्यात वर्तमानपत्र, नियतकालिकं व सर्व विषयांची पुस्तकं असावीत असं म्हटलं आहे. त्यात गोष्टींच्या पुस्तकांचा उल्लेख वेगळा केलेला आहे. म्हणजे गोष्टीचं पुस्तक ही मुलांवर केलेली मेहेरबानी नाही, तो त्यांचा हक्क आहे. समग्र शिक्षा योजनेत शाळेच्या प्रकारानुसार दरवर्षी 5000 ते 20000 रुपयांपर्यंत ग्रंथालय अनुदानाची तरतूद आहे. हे पैसे पुस्तकं जपून ठेवण्यासाठी नसून ती वाचली जावीत म्हणून आहेत.

पुस्तक हरवण्याबद्दल तर मला एक फार दिलासा देणारी गोष्ट सापडली. केंद्र सरकारच्या 2017 च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत लिहिलं आहे की, वर्षभरात वाचकांना दिलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच पुस्तकांची हानी वाजवी समजावी; मात्र त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसावी. महागडी आणि दुर्मीळ पुस्तकं हरवली तर चौकशी करावी लागते, पण आपल्या कपाटात दुर्मीळ काय असणार? हा नियम केंद्राच्या ग्रंथालयांसाठी आहे, जिल्हा परिषदेच्या शाळेला तो जसाच्या तसा लागू नाही. तरी त्यामागचा विचार बघा. पुस्तकं वापरली की थोडी जाणारच, हे सरकारी नियमानेच मान्य केलं आहे. 40 मुलांच्या शाळेत प्रत्येकाने वर्षाला 25 पुस्तकं नेली तर हजार देवघेवी होतात. त्यात पाच गेली तर बिघडलं कुठे? आणि ज्या शाळेत एकही पुस्तक फाटत नाही, एकही हरवत नाही, त्या शाळेचं कौतुक करण्याआधी तिथली देवघेव नोंदवही एकदा बघावी.

भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले. पहिलाच सिद्धांत असा की ग्रंथ उपयोगासाठी असतात. वाटतं ना, यात काय विशेष? पण जुन्या काळी युरोपात पुस्तकं साखळदंडाने फळीला बांधून ठेवत. रंगनाथन आधी गणित शिकवत होते, 1924 पासून मद्रास विद्यापीठाच्या ग्रंथालयात आले. एवढी साधी गोष्ट पहिला नियम म्हणून सांगावी लागली, यावरूनच कळतं की पुस्तक जपण्याच्या नादात माणसं वाचकाला विसरतात. आपल्याकडे साखळी नाही, कडीकोयंडा आहे.

ऊसतोडीला गेलेलं पुस्तक

वाळवीच्या प्रसंगानंतर मी कपाट उघडं ठेवायला लागले. त्याच वर्षी दिवाळीनंतर नेहमीप्रमाणे पाड्यावरची बरीच कुटुंबं ऊसतोडीला गुजरातमध्ये निघाली. ती आता होळीच्या सुमाराला परत येणार. तिसरीतली एक मुलगी आई-वडिलांबरोबर जाणार होती. तिला शाळेत ठेवून घ्यायचा प्रयत्न केला, पण घरी सांभाळणारं कुणी नव्हतं. जाताना तिने एक पातळसं, माकडाच्या गोष्टीचं पुस्तक मागितलं. हात थोडा अडखळला माझा, खोटं कशाला बोलू? पण दिलं. आणखी दोन दिली.

भोंगऱ्या बाजार भरायला लागले, काठीच्या होळीची तयारी सुरू झाली, तशी माणसं परत आली. ती मुलगीही आली आणि दुसऱ्याच दिवशी पुस्तकं घेऊन शाळेत हजर. दोन बरी होती. माकडाच्या पुस्तकाला कव्हर नव्हतं, पानांच्या कडा काळ्या झालेल्या, शेवटचं पान गायब. पडावावर तिने ते धाकट्या भावाला वाचून दाखवलं होतं, मग शेजारच्या झोपड्यांतली पोरंही रोज संध्याकाळी यायला लागली. मी विचारलं, "शेवटचं पान नाही, मग शेवट काय सांगायचीस?" तिने सांगितला. पुस्तकातला शेवट तो नव्हताच! तिच्या गोष्टीत माकड ट्रकमध्ये बसून होळीला आपल्या पाड्यावर परत येतं.

चार-पाच महिने शाळा बुडालेल्या मुलांचं वाचन मागे पडतं, हे आपण सगळे दरवर्षी बघतो. त्या मुलीचं पडलं नव्हतं. मी नोंदवहीत त्या पुस्तकापुढे "वापरून जीर्ण" असं लिहिलं. माझ्या नोकरीतली ही सगळ्यात आवडती नोंद आहे.

पहिली-दुसरी : घरची बोली दाराबाहेर

आता वयाच्या पायऱ्या बघू. वाचनाची आवड एकदा लागली की जन्मभर टिकते, असं आपण म्हणतो. माझा अनुभव तसा नाही. ती वाटेत दोन-तीन ठिकाणी तुटायला बघते आणि दर वेळी कुणीतरी सांधावी लागते.

पहिली जागा म्हणजे शाळेचा पहिला दिवस. 2011 च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्याची साक्षरता सुमारे 64 टक्के होती, राज्यात सर्वांत कमी. जिल्ह्यातली जवळपास 69 टक्के लोकसंख्या आदिवासी. भिली, पावरी, मावची अशा बोली घरात बोलल्या जातात, सपाटीवर अहिराणी आणि गुजरी. आईला 'याहा' म्हणणारं पोर शाळेत येतं आणि पहिल्याच पानावर त्याला 'आई' भेटते. मूल गप्प बसतं आणि आपण शेरा मारतो : "वाचनात मागे." अहो, ते वाचनात मागे नाही, ते दुसऱ्या भाषेत पहिलं पाऊल टाकतंय. याहामोगी देवीच्या गोष्टी रात्र-रात्र ऐकलेलं मूल गोष्टीला परकं कसं असेल? परकं आहे ते पुस्तक.

म्हणून मी पहिली-दुसरीला पुस्तक वाचायला लावत नाही, वाचून दाखवते. मराठीत वाचते आणि मध्ये मध्ये मुलांनाच विचारते, "याला तुमच्याकडे काय म्हणतात?" मग वर्ग बोलू लागतो. मुलांनी आजीकडून ऐकलेल्या गोष्टी त्यांच्याच बोलीत देवनागरीत लिहून घेतो, मुलं चित्रं काढतात, स्टेपलर मारला की झालं पुस्तक. ते कपाटात इतर पुस्तकांच्या शेजारी ठेवतो. ज्या दिवशी आपल्या आजीची गोष्ट कपाटात दिसते, त्या दिवसापासून मूल कपाटाकडे वेगळ्या नजरेने बघतं.

बोलीतून साहित्य होत नाही असं कुणी म्हणालं तर त्यांना दोन नावं सांगा. शहादा परिसरातले कवी वाहरू सोनवणे आपल्या भिली बोलीतून आणि मराठीतून लिहितात, 'गोधड' हा त्यांचा संग्रह. आणि बहिणाबाई चौधरी तर आपल्या खानदेशच्याच. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, मुलाने म्हणजे कवी सोपानदेवांनी त्यांच्या ओव्या उतरवून ठेवल्या आणि त्या गेल्यावर 1952 मध्ये त्यांचं पुस्तक निघालं. कुणीतरी ऐकलं आणि लिहून घेतलं म्हणून बहिणाबाई आज आपल्याला मिळाल्या. आपल्या वर्गातल्या आज्यांचं कोण लिहून घेणार, आपल्याशिवाय?

तिसरी ते दहावी : गोष्टीखालचे प्रश्न

दुसरी जागा आपण स्वतः तयार करतो. मूल वाचायला लागलं की आपल्याला लगेच पुरावा हवा असतो. वाचलंस ना? मग सारांश लिही. तात्पर्य सांग. पाच प्रश्नांची उत्तरं दे. चांगली चाललेली गोष्ट आपण परीक्षा करून टाकतो. जेवताना प्रत्येक घासाला "काय चव लागली ते दोन ओळींत लिही" असं सांगितलं तर जेवणारा ताटावरून उठेल की नाही? पाठ्यपुस्तकाला स्वाध्याय असू देत, त्याची गरज आहे. गोष्टीच्या पुस्तकाला स्वाध्याय नको. मुलाने पुस्तक अर्ध्यात सोडलं तरी रागवू नका. आपण नाही का सोडत?

गिजुभाई बधेका यांचं 'दिवास्वप्न' आपण डी.एड.ला असताना नावापुरतं तरी ऐकलेलं असतं. नसेल वाचलं तर जरूर वाचा, पातळ पुस्तक आहे. त्यातला शिक्षक चौथीच्या गोंगाटी वर्गात जातो आणि पहिलं काम काय करतो, तर गोष्ट सांगायला लागतो. गोष्टी सांगून झाल्यावर वर्गात गोष्टीची पुस्तकं आणून ठेवतो. आधी कानाला गोडी, मग डोळ्यांना. आपला क्रम उलटा असतो.

आणि साने गुरुजी. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये ते 1924 ते 1930 शिक्षक होते, वसतिगृह सांभाळत होते. त्या मुलांसाठी ते स्वतःच्या हाताने लिहून रोजचं 'छात्रालय दैनिक' काढायचे. ना छपाई, ना अनुदान. पहाटे लिहून मुलांना वाचायला ठेवायचे. 'श्यामची आई' त्यांनी नंतर 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, पण त्याआधी एका हस्तलिखित कागदावर त्यांनी वाचक तयार केले होते. आपल्या खानदेशातल्या शिक्षकाने शंभर वर्षांपूर्वी एवढं केलं, तर आपल्याला आठवड्याला एक भित्तिपत्रक जड जाऊ नये.

या वयाला हाताशी काय ठेवावं? बालभारतीचं 'किशोर' मासिक 1971 पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचता येतात. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आजही पोरांना पळवतो. लहानांना माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं द्या, 'राधाचं घर' घेऊन तर माझ्या वर्गात भांडणं होतात. तेत्सुको कुरोयानागी यांचं 'तोत्तोचान' मराठीत आहे, ते मुलांआधी आपण वाचावं.

तरुणपण : फक्त गाईड

तिसरी जागा सगळ्यात धोक्याची, कारण तिथे मीही तुटले होते. अकरावी-बारावीला मी तालुक्याच्या वाचनालयाची सभासद झाले. अनामत आणि महिन्याची थोडीशी वर्गणी, एका वेळी एक पुस्तक. बसमध्ये उभ्याने 'मृत्युंजय' वाचलं. नेमाड्यांचं 'कोसला' वाचलं तेव्हा आश्चर्य वाटलं की खानदेशातल्या खेड्यातून पुण्याला शिकायला गेलेल्या पोराच्या डोक्यातला गोंधळसुद्धा पुस्तक होऊ शकतो. ते पुस्तक 1963 चं, पण मला वाटलं काल लिहिलंय.

2009 साली डी.एड. झाले आणि मग भरतीची वाट बघणं सुरू झालं. तुमच्यापैकी अनेकांनी ती वर्षं काढली आहेत. टीईटी आली, डिसेंबर 2017 मध्ये अभियोग्यता चाचणी झाली, 2019 मध्ये नेमणूक. या दहा वर्षांत मी सकाळ-संध्याकाळ वाचत होते, पण एकही पुस्तक वाचलं नाही. सगळी गाईडं, सराव प्रश्नपत्रिका, चालू घडामोडी. कादंबरी हातात घेतली की अपराधी वाटायचं, वेळ वाया घालवतोय असं. घरचेही म्हणायचे, "हे परीक्षेला येणार आहे का?" 'कोसला' कोणी लिहिली हे मी पर्यायांतून ओळखू शकत होते. 'कोसला' परत वाचावीशी वाटणं मात्र संपलं होतं.

आज आपल्याकडे गावोगावी अभ्यासिका झाल्या, चांगलंच आहे. तरुण मुलं-मुली पहाटेपासून तिथे बसतात. त्यांच्या कष्टांना माझा नमस्कार. पण तिथे एक तरी फळी गोष्टींची, कवितांची, आत्मचरित्रांची असावी, असं मला मनापासून वाटतं. आपण सगळ्यांनी डॉ. राजेंद्र भारूड यांचं उदाहरण मुलांना सांगितलेलं आहे. साक्री तालुक्यातल्या सामोडे गावचा भिल्ल समाजातला मुलगा अक्कलकुव्याच्या नवोदय विद्यालयात शिकतो, डॉक्टर होतो आणि पुढे आपल्याच नंदुरबारला जिल्हाधिकारी म्हणून येतो. त्यांचं 'मी एक स्वप्न पाहिलं' हे पुस्तक मी सातवीच्या मुलांना आवर्जून सुचवते. अभिमान वाटावा असंच ते उदाहरण आहे. पण "वाचशील तर कलेक्टर होशील" एवढंच सांगितलं तर जो कलेक्टर होणार नाही, त्याने पुस्तक का उघडायचं? आणि बहुतेक मुलं कलेक्टर होणार नाहीत. ती शेती करतील, गाडी चालवतील, दुकान टाकतील, ऊस तोडतील. वाचन त्यांच्यासाठीही आहे. ऊसतोडीच्या पडावावर संध्याकाळी धाकट्या भावाला गोष्ट वाचून दाखवणं, हा वाचनाचा कमी दर्जाचा उपयोग आहे का? मला तर तो सगळ्यात वरचा वाटतो.

माझं वाचन परत कसं सुरू झालं सांगू? भावाच्या मुलीला झोपताना गोष्ट हवी असायची. रोज तोंडची कुठून आणणार? म्हणून पुस्तक आणलं. तिच्यासाठी वाचता वाचता मीच पुढचं पान उलटायला लागले.

मग करायचं काय?

शिक्षक मित्रांनो, 15 ऑक्टोबरला डॉ. कलामांच्या जन्मदिनी आपण 2015 पासून वाचन प्रेरणा दिन साजरा करतो, फोटो काढतो, अहवाल पाठवतो. तो दिवस करूच. पण पहिली ते पाचवीला वर्षाला किमान 200 दिवस शाळा भरते. रोज फक्त दहा मिनिटं आपण वाचून दाखवलं, तर वर्षाला दोन हजार मिनिटं होतात, म्हणजे तेहतीस तास. लहान गोष्टीला दहा मिनिटं लागतात असं धरलं तर दोनशे गोष्टी. पाचवीपर्यंत हजार. हजार गोष्टी ऐकलेलं मूल आणि एकही न ऐकलेलं मूल यांत काय फरक पडेल, हे तुम्हीच ठरवा. यासाठी आदेश लागत नाही, निधी लागत नाही.

दुसरं, कपाट उघडं ठेवा आणि नोंद मुलांनाच करू द्या. तिसरं, मुख्याध्यापकांना विनंती : नव्या शिक्षकाला चार्ज देताना "एकही हरवू देऊ नका" असं सांगू नका, "सगळी वाचून घ्या" असं सांगा. आणि केंद्रप्रमुख साहेबांना विनंती : तपासणीला आलात की पुस्तकं किती आहेत हे विचारण्याआधी फाटकी किती आहेत ते विचारा.

पालकहो, तुमच्याकडून एवढंच हवं की मुलाने पुस्तक घरी आणलं तर "आधी काम कर" म्हणण्याआधी दहा मिनिटं थांबा. तुम्हाला वाचता येत नसेल तरी ऐकता येतं. चूल पेटवताना म्हणा, "वाच बरं, काय आहे त्यात?" चुकलं तरी टोकू नका. पुस्तकाला भाजीचा डाग पडला तर मारू नका. मी नाही रागावणार.

आमच्या कपाटाची किल्ली आता चौथीच्या मुलांकडे असते, दर आठवड्याला नवा किल्लीदार. आतापर्यंत किल्ली दोनदा हरवली. गेल्या तीन वर्षांत 38 मुलांच्या आमच्या शाळेत अकरा पुस्तकं गेली, काही हरवली, काही वाचून वाचून संपली. माझी बदली होईल तेव्हा पुढच्या शिक्षकाला हाच हिशेब मी सहीनिशी देणार आहे.

उद्या शाळेत गेलात की किल्ली कुठे आहे तेवढं बघा.